रिकामा सोडलेला रकाना

आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी दर नोव्हेंबरात एक गादीवाला येतो. टेम्पोत यंत्र घालून आणतो, लोकांच्या जुन्या गाद्या उसवतो, कापूस पिंजतो आणि ऊन उतरायच्या आत पुन्हा शिवून देतो. त्या दिवशी खाली लावलेल्या गाड्यांवर, कुंड्यांवर, वॉचमनच्या टोपीवर बारीक पांढरा थर बसतो. पुण्यातली माणसं नाकाला रुमाल लावून घाईघाईने जातात. मी तिथे उगाच दोन मिनिटं रेंगाळते. पिंजलेल्या कापसाला एक कोरडा, सरकीचा, किंचित तेलकट वास असतो. तो नाकात शिरला की मला धुळ्याचा आग्रा रोड दिसायला लागतो. जिनिंग मिलकडे निघालेल्या ट्रॉल्या, त्यांच्या कडांमधून गळणारा कापूस, विजेच्या तारांना अडकून लोंबणारे पुंजके. आणि एका दुकानाच्या माडीवरचं आमचं ऑफिस, जिथे त्या दिवसांत डिंकाच्या बाटलीतसुद्धा कापसाचे तंतू सापडायचे.

नव्वदचं दशक संपायला आलं होतं. मी तीस वर्षांची होते आणि मला काहीही जाणवत नव्हतं.

हे मी आता लिहिते आहे, तेव्हा कळत नव्हतं. माझे यजमान त्याच्या दोन वर्षं आधी गेले होते. आम्ही जळगावला राहायचो. ते एका पाइपच्या कारखान्यात कामाला होते. एका सकाळी डबा घेऊन गेले आणि दुपारी कारखान्यातली चार माणसं दारात येऊन उभी राहिली. पुढचं सगळं लोकांनी केलं. मी नुसती होते. मग मी धुळ्याला वडिलांकडे आले. चहा गरम आहे की गार, हे मला कपाची वाफ बघून ठरवावं लागायचं. खानदेशातली थंडी काही साधी नसते, पहाटे हात आखडतात, पण मी स्वेटर घालायची तो बाकीच्यांनी घातलेला बघून. लोक म्हणायचे, शैला फार धीराची.

भाऊंच्या ऑफिसात मला नोकरी लागली ती माझ्या अक्षरामुळे. भाऊ म्हणजे ऑफिसचे मालक, पन्नाशीचे, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. मुंबईच्या एका मोठ्या दलालाच्या वतीने ते धुळ्यात शेअरचं काम करत. गच्चीवर उपग्रहाची छत्री बसवली होती, तिच्यातून भाव यायचे. वारा सुटला की छत्री हलायची आणि पडद्यावरचे आकडे थिजायचे. बाकावर बसलेली माणसं तेवढ्या वेळात शेंगा सोलायची. ऑनलाइन हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो त्या छत्रीखाली. आज मी एका ऑनलाइन कंपनीत ऑपरेशन्स आणि कंप्लायन्स सांभाळते. लोक मोबाइलवर बोट टेकवून शेअर घेतात, विकतात. त्यामागे जे कागद, नियम, तपासण्या असतात, ते सगळं माझ्याकडे असतं. हाताखाली चाळीस मुलंमुली आहेत. त्यांना वाटतं, मी हे कुठल्या तरी कोर्समध्ये शिकले.

मी शिकले ते सह्या बघून. कागदी शेअर तेव्हा मोडीत निघत होते आणि लोक ते आणून खात्यात जमा करत होते. प्रत्येकाची सही जुन्या कागदावरच्या सहीशी जुळवावी लागायची. मला ते काम आवडायचं. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. सहीचा झोका कुठून सुरू होतो, पेन कुठे उचललंय, हात कुठे कापलाय, एवढंच बघायचं. साक्रीचे एक गुरुजी होते. त्यांच्या दोन सह्यांमध्ये दहा वर्षं होती आणि त्या दहा वर्षांत त्यांच्या अक्षराचे गुडघे गेले होते. मी त्यांचा फॉर्म तीनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "बाई, हा हात माझाच आहे हो." मी म्हटलं, "बरोबर आहे गुरुजी, पण जुळत नाही." हे मी कसल्याही आवाजात म्हटलं नव्हतं. काउंटरवरची सूचना वाचून दाखवावी, तसं.

नाना त्या ऑफिसात आले ते श्रावणात. नरडाण्याचे. विजेच्या खात्यात वायरमन होते, नुकतेच निवृत्त झाले होते. घरी थोडी जमीन होती, तिच्यात कापूस. निवृत्तीचे पैसे त्यांनी शेअरमध्ये घातले होते, तेही एकेका कंपनीची माहिती वर्तमानपत्रातून कापून, वहीत चिकटवून. ते काटक होते, उन्हाने रापलेले, आणि खुर्चीवर बसताना आधी हाताने खुर्ची हलवून बघायचे. खांबावर चढणाऱ्या माणसाची सवय. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "हे सगळं माझ्या मंगलासाठी आहे. तिला मास्तरीण व्हायचंय." माझ्याशी ते पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करायचे, आणि दोन वाक्यांनंतर ती सुटून जायची.

खातं उघडायचा फॉर्म मी भरत होते. नाव, पत्ता, बँक. बँकेचं खातं नाना आणि त्यांच्या बायको अक्का, दोघांच्या नावावर होतं. शेअरचं खातं मात्र एकट्या नानांचं. फॉर्मवर एक रकाना तेव्हा नवाच आला होता. खातेदाराच्या पश्चात शेअर कुणाला द्यायचे, त्याचं नाव. वारस कोण ते कोर्ट ठरवेल, पण निदान शेअर अडकून पडू नयेत म्हणून ती सोय.

माझं पेन त्या रकान्यापाशी थांबलं. मला फक्त विचारायचं होतं. नाना, तुमच्या पश्चात कोण? चार शब्द. दिवसातून पाच-सहा जणांना मी ते विचारत असेन, किंवा विचारायला हवं होतं. पण मी बहुतेकांना तो रकाना बोटाने दाखवायची आणि म्हणायची, इथे एक नाव लिहा. नाना चष्मा विसरून आले होते. दाखवून भागणार नव्हतं, तोंडाने म्हणावं लागणार होतं.

माझ्या यजमानांच्या सगळ्या कागदांवर तो रकाना कोरा होता. बँक, विमा, कारखान्याचा फंड. कारखान्यातल्या बाबूने तो फॉर्म माझ्यासमोर ठेवून कोऱ्या जागेवर पेन्सिल टेकवली होती आणि म्हणाला होता, इथे तुमचं नाव असतं तर आज काही करावं लागलं नसतं. त्या एका कोऱ्या जागेसाठी मी आठ महिने धुळ्याहून एसटीने जळगावच्या कोर्टात गेले होते. पारोळा, एरंडोल, जळगाव. तारीख पडायची आणि परत. एरंडोल, पारोळा, धुळे.

नाना माझ्याकडे बघत होते. माझ्या गळ्यात काय नाही, ते त्यांनी पाहिलं असणार. पेन तसंच थांबलेलं. मग ते हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे माय. पुढला खेपले भरसूत."

मी रकाना कोरा सोडला. फॉर्म पुढे गेला. नियमात बसत होतं, ते नाव सक्तीचं नव्हतं.

पुढच्या खेपेला मी काही बोलले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नाना यायचे, पिशवीतून चवळीच्या नाही तर तुरीच्या ओल्या शेंगा काढून टेबलावर ठेवायचे, भाव बघायचे, सोनगीरपर्यंत जाणारी काळीपिवळी जीप मिळेल का याची चौकशी करून उठायचे. एकदा त्यांनी स्लिपांचं पुस्तक काढलं. शेअर विकला की तो आपल्या खात्यातून हलवायला खातेदाराने सही केलेली एक स्लिप लागायची. सही नाही, तर शेअर जागचा हलायचा नाही. नानांनी एका बैठकीत दहा स्लिपांवर सह्या केल्या आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

"नाना, कोऱ्या स्लिपवर सही करून ठेवायची नसते," मी म्हटलं.

"नरडाण्याहून दर खेपले येनं व्हत नही बाई. तू शेस ना आठे."

तू आहेस ना इथे. एवढ्यावर त्यांनी तो विषय संपवला. मी ते पुस्तक परत द्यायला हवं होतं. दिलं नाही, वापरलंही नाही. माझ्या खणात, कुलपात ठेवून दिलं. पुढे द्यायचं म्हणून.

दिवाळी झाली. कापसाची वेचणी सुरू झाली. त्या वर्षी कापूस चांगला फुटला होता. रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना शेतं अशी दिसायची की कुणी तरी धुतलेले कपडे वाळत घातलेत आणि काढायचे विसरलेत. ऑफिसात गर्दी कमी झाली. बाकावरची माणसं शेतांवर होती. मी खिडकीशी बसून जुने फॉर्म लावत असताना भाऊ खालून आले आणि म्हणाले, "नरडाण्याचे नाना गेले. परवा. शेतातली मोटर चालू करायला गेले आणि तिथेच बसले."

मी फाइलची दोरी बांधत होते. ती बांधून पूर्ण केली. गाठ मारली. मग म्हटलं, "अस्सं."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि ते आत निघून गेले. मला आठवतं, त्यानंतर मी नेहमीच्या वेळेला डबा खाल्ला.

दहाव्यानंतर पाच-सहा दिवसांनी अक्का आल्या. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी मंगला, एकोणीस वर्षांची, सावळी, दोन वेण्या मागे बांधलेल्या, छातीशी एक प्लॅस्टिकची फाइल धरलेली. तिचं बोलणं कॉलेजातल्या मुलीसारखं स्वच्छ होतं. तिने सांगितलं, डी.एड.चे प्रवेश यंदा लांबलेत. एका अध्यापक विद्यालयात तिला जागा मिळते आहे. महिनाअखेरपर्यंत फी भरली तर. नानांनी जायच्या आठवडाभर आधीच ठरवलं होतं की शेअर विकायचे आणि भरायची. ते धुळ्याला यायला निघणारच होते.

भाऊंनी दोघींना पाणी दिलं. मग मला आतल्या खोलीत बोलावलं. अक्का आणि मंगला दारातच उभ्या राहिल्या, त्यामुळे पुढचं सगळं त्यांच्यासमोर झालं.

"शैलाताई, नानांच्या सह्या केलेल्या स्लिपा तुमच्याकडे आहेत ना?"

"आहेत."

"मग आज विकून टाकू. पैसे त्यांच्या बँक खात्यात जातील, तिथे अक्कांचं नाव आहे. उद्या-परवा फी भरतील. कुणाचं काही जात नाही. ज्याचं आहे त्यालाच मिळतंय."

"भाऊ, नाना गेलेत."

"कागदाला ते ठाऊक नाही."

"मला आहे," मी म्हटलं.

भाऊ काही लबाड माणूस नव्हते. हे मला आवर्जून लिहायचं आहे. ते नानांच्या दहाव्याला नरडाण्याला जाऊन आले होते. त्या खोलीतही त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्या नव्हतं. ते म्हणाले, "नियम माणसांसाठी असतात हो. कोर्टात गेलं तर वर्ष जाईल. तुम्हाला मी सांगायला नको." मग ते म्हणाले, "तुमची तपासणीची सही झाल्याशिवाय स्लिप पुढे जात नाही. तुम्हीच ठरवा."

अक्का पुढे आल्या. मी खणातलं पुस्तक आणून टेबलावर ठेवलं होतं, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "ह्या सह्या त्यासन्याच शेतस ना?"

"हो, अक्का. त्यांच्याच आहेत."

"मंग आते त्या नहीत म्हनीसन सह्या खोट्या व्हई गयात का?"

ते आता नाहीत म्हणून सह्या खोट्या झाल्या का, असं त्या विचारत होत्या. मी पुस्तक जवळ ओढलं, लाल पेन घेतलं आणि पहिल्या स्लिपवर दोन तिरप्या रेघा मारून मध्ये लिहिलं, रद्द. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. मृत खातेदाराची कोरी स्लिप सापडली तर ती तिथल्या तिथे रद्द करायची, असा नियम होता आणि मी तो पाळत होते. नानांच्या सहीची शेवटची रेघ मागे वळून पहिल्या अक्षराला येऊन टेकायची. दहाही सह्या एकसारख्या, जराही हात न कापलेल्या. मी दहाही वेळा त्यांच्यावरून रेघा ओढल्या. माझाही हात कापला नाही.

अक्का पाचव्या-सहाव्या स्लिपेपर्यंत बघत होत्या. मग त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि भिंतीकडे वळल्या. मंगला मात्र शेवटपर्यंत बघत राहिली.

भाऊंनी फी आपल्या पदरची देऊ केली. अक्का म्हणाल्या, "उपकार नको. त्यासनं शे तेच द्या." आणि जे नानांचं होतं, तेच आम्ही देऊ शकत नव्हतो. महिनाअखेर आली आणि गेली. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

पुढचे अकरा महिने मी अक्कांबरोबर कोर्टात गेले. धुळ्याच्या कोर्टात, जेवणाच्या सुट्टीत, भाऊंची परवानगी काढून. कुठल्या खिडकीवर कोण बसतं, अर्जाच्या किती प्रती लागतात, कुणाला चहा सांगितला की कागद वरती येतो, हे सगळं मला जळगावात पाठ झालं होतं. बसायला सतरंजीचा तुकडा न्यायचा, हेसुद्धा. अक्का बोलायच्या. नाना पोळ्याला बैलांची शिंगं कशी रंगवायचे, पाऊस लागला की विजेच्या खांबावर किती किती वेळ असायचे. मी ऐकायची. एकदा त्यांनी विचारलं, तुझे मालक कसे होते? मी म्हटलं, चांगले होते. त्या थांबल्या, पुढे ऐकायला. पण माझ्याकडे पुढे काही नव्हतं. मंगला त्या अकरा महिन्यांत एकदाही कोर्टात आली नाही.

मधेच कधीतरी मुंबईहून तपासणीला एक अधिकारी आले. त्यांनी फाइल चाळताना त्या दहा लाल स्लिपा पाहिल्या आणि विचारलं, हे कुणी केलं? भाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. अधिकारी म्हणाले, इतक्या लहान ऑफिसात अशी शिस्त आम्ही पाहिली नाही. त्यांनी अहवालात तसं लिहिलं. पुढे मला मोठ्या ऑफिसात बोलावणं आलं, मग पुण्यात, मग आणखी वरती. माझी सगळी नोकरी त्या दहा स्लिपांवर उभी आहे, असं मी म्हटलं तर ते खोटं होणार नाही. नव्या मुलांना शिकवताना मी हे उदाहरण देते. नाव न सांगता. एका खातेदाराच्या कोऱ्या स्लिपा, मृत्यू, रद्द. मुलं वहीत लिहून घेतात.

ते प्रामाणिकपणाचं होतं की बधिरपणाचं, हे मात्र मला अजून सांगता आलेलं नाही. अक्कांचा चेहरा जाणवत असताना एखादीने नाही म्हटलं असतं, तर तिला मी प्रामाणिक म्हटलं असतं. मला काही जाणवत नव्हतं. दुखत नसलेल्या हाताने मी रेघा ओढल्या. आणि रकाना मी मोकळा सोडला तो मात्र दुखत होतं म्हणून. एवढीच एक जागा होती आत, जिथे अजून काहीतरी जिवंत होतं, आणि तिच्यामुळेच त्यांचं नुकसान झालं. नियम मोडून झालं नाही, पाळूनही झालं नाही. मी चार शब्द बोलले नाही म्हणून झालं.

आता आमच्या ॲपवर खातं उघडताना शेवटी विचारतो आम्ही, नॉमिनी द्यायचा का? खाली दोन बटणं असतात. बहुतेक लोक 'सध्या नको' दाबतात. मी दर महिन्याला तो आकडा बघते. मुलांना म्हणते, फोन करा, एकेकाला विचारा. मुलं म्हणतात, मॅडम, सक्तीचं नाही ना ते? मी म्हणते, विचारायला काय जातं? हे म्हणताना माझी नजर दुसरीकडे असते.

प्रमाणपत्र निघालं तेव्हा पुन्हा कापसाचा हंगाम होता. अक्कांच्या नावाने नवं खातं उघडून त्यात शेअर घ्यायचे होते. त्यांना त्या दिवसांत ताप येऊन गेला होता, म्हणून मीच फॉर्म घेऊन नरडाण्याला गेले. ओसरीवर वेचून आणलेला कापूस पसरला होता. कोपऱ्यात एक मांजर त्यात बसून डोळे मिटत होती. शेअरचे भाव त्या वर्षात बरेच वर गेले होते. शेजारचे एक आबा मुद्दाम उठून आले आणि म्हणाले, "बरं झालं तेव्हा विकले नाहीत. बाईंमुळे वाचले." अक्कांनी मान हलवली. मंगला आतून पाणी घेऊन आली, तांब्या ठेवला आणि आत गेली.

मी फॉर्म भरत गेले. नाव. पत्ता. बँक. मग तो रकाना आला. अक्कांना वाचता येत नव्हतं. सही मात्र मंगलाने त्यांना वर्षभरात शिकवली होती. मी पेन टेकवलं आणि म्हटलं, "अक्का, तुमच्या पश्चात कोण?"

माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"मंगला. दुसरं कोन शे माले?" त्या म्हणाल्या, आणि हातातल्या कापसातली सरकी काढत राहिल्या.

एवढंच होतं ते. एका श्वासाचंही काम नव्हतं. मी मंगलाचं नाव लिहिलं, अक्कांच्या तीन सह्या घेतल्या, त्यांच्या हाताला धरून नाही, त्यांनीच केल्या. मग मी सांगून टाकलं. नानांच्या फॉर्मवर ही जागा मी कोरी सोडली होती. विचारलं असतं तर तुम्हाला कोर्टात जावं लागलं नसतं. माझ्याच्याने विचारवलं नाही. अक्कांनी हातातला कापूस खाली ठेवला. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, जाऊ दे, त्यांचंच मरण आलं होतं, तू काय करशील. मी मान हलवली. क्षमा मिळाल्यावर जे काही वाटायचं असतं, ते वाटलं नाही.

मंगला दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मंगलाचं पुढचं मला तुटक तुटक कळत गेलं. पुढच्याच वैशाखात तिचं लग्न झालं, साक्रीच्या बाजूला, डोंगराकडच्या एका गावी. शेअर तिच्या लग्नात विकले. डी.एड. राहिलंच. बऱ्याच वर्षांनी ती तिथल्या अंगणवाडीत सेविका म्हणून लागली, लहान मुलांना गाणी शिकवते, असं अक्कांनी एकदा फोनवर सांगितलं. मास्तरीण झाली का, असं मी विचारलं नाही, आणि अक्कांनीही ते तसं म्हटलं नाही.

फॉर्म भरला त्या दिवशी मात्र अक्कांनी तिला माझ्याबरोबर फाट्यापर्यंत पाठवलं. अर्ध्या तासाची वाट. दोन्ही बाजूंना कपाशी, वेचून झालेली, बोंडांच्या रिकाम्या वाट्या वाऱ्याने वाजत होत्या. ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. निम्म्या वाटेवर ती न वळता म्हणाली, "ताई, एक विचारू?"

"विचार."

"दहाव्या स्लिपेवर तरी थांबावंसं वाटलं होतं का तुम्हाला?"

मी खरं सांगितलं. "नाही. काहीच वाटलं नव्हतं."

ती थांबली आणि वळली. "लोक म्हणतात, त्या बाई फार प्रामाणिक. आई म्हणते, जाऊ दे. आबा म्हणतात, फायदाच झाला. मला तुमचा राग येतो. स्लिपांचा नाही. त्या तुम्ही रद्द केल्या, ते बरोबरच असेल. पण तुम्ही नानांना विचारलं नाहीत. तुमचंही तेच झालं होतं, तुम्हाला ठाऊक होतं काय होतं ते, आणि तरी तुम्ही विचारलं नाहीत."

तिचा आवाज चढला नव्हता. डोळे कोरडे होते. उन्हात तिच्या कपाळावर घाम आला होता आणि तिने तो पुसला नाही.

"हो," मी म्हटलं.

"मला अजून राग येतो. येत राहील."

"येऊ दे," मी म्हटलं, आणि तिथे उभी असताना माझ्या छातीत मधोमध काहीतरी दुखायला लागलं. खरोखरचं, अंगाचं दुखणं, दाराच्या फटीत बोट सापडावं तसं. तीन वर्षं जो तो माझ्याशी हळुवार बोलला होता. मला समजून घेतलं होतं, पाठीवर हात ठेवला होता, धीराची म्हटलं होतं. माझं चुकलं, असं सरळ माझ्या तोंडावर सांगणारी ही पहिलीच.

आम्ही फाट्यावर आलो. हायवेवर ट्रक जात होते. थांब्याला शेड नव्हती, एक लिंबाचं झाड होतं. मला वाटलं, ती आता परत जाईल. ती गेली नाही. माझ्यापासून चार हात अंतरावर, झाडाच्या दुसऱ्या अंगाला उभी राहिली. एकट्या बाईला फाट्यावर सोडून जायचं नसतं, म्हणून असेल. पाऊण तास गाडी आली नाही. त्या पाऊण तासात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही आणि जागची हलली नाही. गाडी दिसली तेव्हा मात्र माझ्या आधी तीच रस्त्यावर गेली आणि हात वर करून तिने ती थांबवली.

मी खिडकीशी बसले. गाडी सुटली. कंडक्टर पंच वाजवत आला आणि म्हणाला, "कुठे?"

मला फक्त धुळे म्हणायचं होतं. ते निघेना. ओठ हलत होते आणि गळ्यातून दुसराच आवाज येत होता, आणि चेहरा सगळा ओला झाला होता, हे मला हनुवटीवरून पदरावर थेंब पडले तेव्हा कळलं. कंडक्टर वयस्कर होता. तो तसाच दांडी धरून उभा राहिला, सोनगीरचा किल्ला खिडकीत येईपर्यंत. मग त्याने काही न विचारता धुळ्याचं तिकीट फाडलं, पंच केलं, माझ्या हातात दिलं आणि पुढच्या बाकाकडे गेला.